पैसा फंडाची काच

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील घरांत दिसणाऱ्या दिव्याच्या चिमण्या, बाटल्या आणि पेले यांपैकी बराचसा माल परदेशांतून येत असे, आणि १९०५ नंतर बहिष्काराच्या चळवळीने जोर धरला तरी या मालाच्या तोडीची काच देशात सहजी मिळत नव्हती. अंताजी दामोदर काळे यांनी काढलेला पैसा फंड, म्हणजे माणशी वर्षाला एक पैसा जमवून देशी उद्योगांना भांडवल पुरवण्याची योजना, लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून उचलून धरली, आणि टिळकांना मंडालेला धाडण्यात आले त्याच १९०८ साली या निधीतून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला.

भांडवल पैशापैशाने जमले, परंतु काचेचे ज्ञान तसे जमणारे नव्हते. ते आणले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी. मूळचे उत्तर हिंदुस्थानातील वार्ष्णेय जपानमध्ये आणि नंतर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून आले होते. ज्या चळवळीला पुढे अनेकांनी पुणेरी म्हणून हिणवले, तिने आपली भट्टी परप्रांतीयाच्या हाती निःशंकपणे सोपवली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

वाळू, सोडा आणि चुना यांचे मिश्रण उष्णता सोसणाऱ्या मातीच्या मुशीत वितळवले जाते; वाळूत लोहाचा अंश राहिला तर काचेवर हिरवी झाक चढते, म्हणून कच्च्या मालाची पारख हे काचकामाचे पहिले अंग. त्यानंतर कारागीर पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर पाकासारखा चिकट रस गोळा करतो, आणि नळी सतत फिरवत, फुंकर घालत, रस लोंबू लागण्याआधी त्याला आकार देतो. चिमणीच्या काचेची जाडी सर्वत्र सारखी राहिली नाही, किंवा ती सावकाश निववली गेली नाही, तर दिवा पेटताच तिला तडा जातो. ही सफाई पुस्तकाने येत नाही, आणि म्हणूनच तळेगावात माल काढण्याइतकेच महत्त्व माणसे शिकवण्याला होते. तेथे तयार झालेले हात पुढे देशातील इतर कारखान्यांत गेले.

पहिल्या महायुद्धाने ऑस्ट्रिया व जर्मनीचा माल बंद पाडताच देशी काचेला बाजार मिळाला, आणि १९१६ साली औंध संस्थानच्या आश्रयाने कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला, ज्याचा 'प्रभाकर' कंदील पुढे घरोघरी पोचला. कंदिलामुळे ओगल्यांचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. वार्ष्णेय मात्र उत्तरेत परतून बहजोईच्या काच कारखान्यात रमले, आणि मराठी उद्योगेतिहासाने त्यांना क्वचितच एखाद्या ओळीची जागा दिली.