पेटी आली का?

गोंदिया जंक्शन, 1976 सालच्या फाल्गुनातला एक शुक्रवार. बालाघाटकडून आलेल्या छोट्या लाईनच्या गाडीतून तुम्ही उतरताय. अडीच फुटी रुळांवरून ही गाडी इतकी रमतगमत आली की सदऱ्यावर कोळशाची कणी बसलीय. दक्षिणेला नागभीड-चांदा फोर्टकडे जाणारी लाईनही छोटीच, आणि मधून मुंबई-हावड्याची मोठी लाईन धडधडत जाते. चहूबाजूंच्या खेड्यांतला माणूस इथे येऊन पडतो तो या रुळांमुळे. हे गाव अजून भंडारा जिल्ह्यात आहे. गोंदिया जिल्हा व्हायला 1999 सालचा 1 मे उजाडावा लागेल.

पार्सल ऑफिसच्या दारात एक पोरगा सायकल धरून उभा आहे. आत डोकावून तो एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारतोय, "पेटी आली का?"

पेटी म्हणजे सिनेमा. लोखंडी पेटीत पत्र्याचे गोल डबे आणि डब्यांत रिळं. मुंबईच्या सिनेमाधंद्याच्या नकाशावर आपला हा मुलूख 'सी.पी. बेरार' आहे. तो प्रांत कागदावरून केव्हाच गेला, वितरकांच्या वहीत मात्र राहिला. प्रिंटा मोजक्या, गावं पुष्कळ, म्हणून मोठ्या शहरात महिनोन्‌महिने चालून झालेली प्रिंट फिरत फिरत आपल्याकडे येते. आज येणारा सिनेमा मागल्या वर्षीच्या मे महिन्यात लागलेला आहे, 'जय संतोषी माँ'. पेटी आली नाही तर संध्याकाळचा शो नाही, आणि खेड्यातून बैलगाडी जुंपून निघालेल्यांना ते कळवायची काही सोय नाही.

पेटी आली. पोरानं ती रिक्षात चढवली. तुम्हीही त्याच्या मागोमाग चला. वाटेत भातगिरणीच्या कोंड्याचा वास आहे आणि एका ओसरीवर सुपात तंबाखू घेऊन बिडी वळणाऱ्या बाया बसल्या आहेत. त्यातल्या दोघींनी आज लवकर हात आवरलाय.

टॉकीजचं नाव मी घालत नाही. गोंदियाचे असाल तर एक नाव तुमच्या मनात आलंच असेल. तिरोडा, आमगाव, देवरीकडचे असाल तर दुसरं येईल. तुमचं नाव तुम्ही घाला.

तिकिटाच्या खिडकीचं भोक एवढंसं, की गेलेली मूठ पैसे सोडल्याशिवाय बाहेर निघत नाही. बायांची खिडकी वेगळी आहे. तिथला माणूस तुमच्या पुढच्या बाईला विचारतो, "पोरगा मांडीवर बसते का? बसते तं त्याचं तिकीट नको घेऊ." पतंगी कागदाचा एक चिटोरा तुमच्या हातात पडतो. डोअरकीपर त्याचा अर्धा भाग फाडून घेतो आणि उरलेला अर्धा परत देतो. तो जपून ठेवा. त्याचं काम पुढे आहे.

आत लाकडी बाकं आहेत. पुढे थर्ड, मागे फर्स्ट, वर बाल्कनी. पैशानं रांगा पाडल्या आहेत, पण बाकावर शेजारी बसणाऱ्याची जात कोणी विचारत नाही, आणि गावात अशा जागा फार नाहीत. कुणी मुर्रा-फल्लीची पुडी सोडली. बोलणं मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी, सगळं एकमेकांत मिसळलेलं. दिवे गेले. आधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचारचित्र लागतं. ते दाखवल्याशिवाय सुटका नाही आणि सध्या तर आणीबाणी चालू आहे, तेव्हा पडद्यावर वीसकलमी कार्यक्रमाची वाहवा. मग सेन्सॉरचं सर्टिफिकेट. थर्डमधून कुणी रिळांचा आकडा मोठ्यानं वाचतो. आकडा मोठा म्हणजे पैसे वसूल.

आणि मग आरती सुरू होते. सबंध देशात जे चाललंय तेच इथे. बायांनी चपला दाराशी काढून ठेवल्या आहेत. कुणी पदरातून उदबत्ती काढते आणि पडद्याकडे नाणी उडतात. शहरातल्या शहाण्यांनी यावर पुष्कळ लिहिलं. तुम्ही आज नुसतं पाहा. शेजारची बाई हात जोडून रडते आहे आणि अंधार आहे म्हणून तिला रडता येतंय. घरात तिला एवढा अंधार आणि एवढा वेळ मिळत नाही. टॉकीजनं माणसांना काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी आधी हेच सांगेन.

आता मागच्या जिन्यानं वर, ऑपरेटरच्या केबिनमध्ये या. वाकून शिरा. आत भट्टीसारखा उकाडा आहे. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी, एक चालतोय, दुसरा भरून तयार आहे. चालत्या यंत्राच्या पोटात काचेचा बल्ब नाही. कार्बनच्या दोन कांड्या टोकाजवळ टोक आणून बसवल्यात आणि त्यांच्या मधल्या फटीत ठिणगी अखंड जळतेय. उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहू नका, झाकणातल्या काळ्या काचेतून पाहा. कांड्या झिजतात, फट वाढते, पडदा पिवळा पडू लागतो. खालून "ए बत्ती!" अशी आरोळी यायच्या आत ऑपरेटर त्या जवळ सरकवतो. त्याचा एक हात कायम तिथे आहे.

पट्टी सेकंदाला चोवीस चित्रं या वेगानं धावते, मिनिटाला नव्वद फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. सोळा रिळांचा सिनेमा जमिनीवर अंथरला तर जवळपास पाच किलोमीटर भरेल. प्रत्येक चित्र क्षणभर थांबतं, उजळतं, आणि पट्टी पुढे सरकताना झडप प्रकाश अडवते. म्हणजे तीन तासांच्या सिनेमात जवळजवळ निम्मा वेळ पडदा काळा असतो आणि तुम्हाला ते कळतही नाही. कळू न देणं हेच या माणसाचं कसब. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वरती एक ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं यंत्र चालू करायचं, काही सेकंदांनी पुन्हा ठिपका येतो, त्याला प्रकाश इकडून तिकडे. चुकला तर खालून शिट्ट्या. बरोबर जमलं तर कुणाला पत्ताही नाही. हा माणूस रोजचे चारही शो करतो आणि त्याचं नाव पोस्टरवर कधी आलेलं नाही.

केबिनच्या छोट्या झरोक्यातून प्रकाशाचा जो झोत निघतो, त्याच्याबरोबर आणखी मागे जा. भाऊबीज झालीय, आपल्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस आहेत. धान कापणीला आलंय आणि गावागावांत दंडार, नाटकं रंगताहेत. इथला माणूस रात्रभर नाटक पाहणारा. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा मुका 'राजा हरिश्चंद्र' लागला, आणि 1932 साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त तोच हरिश्चंद्र मराठीत बोलला. राजाची ही गोष्ट लोकांना आधीच ठाऊक होती. नवीन होता तो पडदा. महाराष्ट्राच्या जत्रांमधून तंबू आणि डायनामो घेऊन फिरणारे टुरिंग टॉकीजवाले पुढे कित्येक वर्षं तो पडदा गावोगाव घेऊन गेले. त्यांच्यातल्या शेवटच्या काहींवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट झाला, तो 2016 साली कान महोत्सवात नावाजला गेला.

इंटरव्हलची घंटा. हातातला तिकिटाचा अर्धा तुकडा दाखवून पुन्हा आत या. मात्र आत आल्यावर साल बदललेलं आहे.

बाकं रिकामी आहेत. रंगीत टीव्ही आला, भाड्याचा व्हिडिओ आला, 1987 च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं आणि हात जोडायची जागा घरातच झाली. मग केबल, मग मोबाईल. सिनेमा हार्डडिस्कवर आणि उपग्रहावरून येऊ लागला, तेव्हा पेटीची वाट पाहणारा पोरगाही उरला नाही. मालकांना दोष देऊ नका. रिकाम्या खुर्च्यांवर कोणाचं पोट भरत नाही, आणि बाजारपेठेतली जागा विकली की एका सहीत सगळी देणी फिटतात.

पुण्यात 1915 साली सुरू झालेलं मंडईजवळचं आर्यन गेलं, आता तिथे वाहनतळ आहे. मुंबईचं ऑपेरा हाऊस मात्र 1993 ला बंद पडूनही वाचलं. दुरुस्त होऊन 2016 साली ते पुन्हा उघडलं आणि पुढच्याच वर्षी त्याला युनेस्कोचा वारसा-जतन पुरस्कार मिळाला. त्यामागे संस्थानिकाचं घराणं होतं, पैसा होता, नक्षी होती. आपल्या टॉकीजला नक्षी नाही. पत्र्याचं छप्पर, चुन्याच्या भिंती, फार तर दर्शनी भागावर सिमेंटच्या चार पट्ट्या आणि सालाचा आकडा. वारशाच्या यादीत ती बसणार नाही. तरीही माझं म्हणणं स्पष्ट आहे: ज्या भिंतींच्या आत सगळं गाव एकत्र हसलं आणि रडलं, ती वास्तू जिल्ह्याचा वारसा आहे.

सगळ्याच टॉकीज वाचणार नाहीत. पण जिल्ह्यात जी उभी आहे, तिच्यात झाडीपट्टीची नाटकं का होऊ नयेत? आज ती मांडवात होतात, रंगमंच दर वेळी नव्याने उभारावा लागतो. इथे छप्पर आहे, खुर्च्या आहेत, आवाज नीट पोचेल अशी भिंत आहे. नगरपालिकेनं आणि नाट्यमंडळांनी मालकाशी एकदा बसून बोलावं.

आणि जिथे पाडकाम ठरलंच आहे, तिथे निदान प्रोजेक्टर भंगारात देऊ नका. किलोच्या भावानं त्याचे फार पैसे येत नाहीत. शाळेच्या, कॉलेजच्या, वाचनालयाच्या व्हरांड्यात तो उभा करा आणि शेजारी त्या टॉकीजचा एक फोटो लावा. तिकिटांची पुस्तकं, पोस्टरं, वितरकांची पत्रं माळ्यावर असतील, ती वाळवीच्या आधी खाली काढा.

सर्वांत घाईचं काम माणसांचं आहे. ज्यांनी कार्बन जाळला, गेटवर तिकिटं फाडली, स्टेशनवरून पेटी आणली, ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या गल्लीत असा कोणी काका असेल तर या रविवारी त्यांच्याकडे जा, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा, आणि पहिला प्रश्न हाच विचारा: पेटी यायला उशीर झाला, की तुम्ही काय करायचात?