कौला बंदरचे संशोधक

'पुकार' या संशोधन संस्थेची सुरुवात मुंबईत २००१ साली मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांच्या पुढाकाराने झाली. संशोधन हा प्रत्येकाचा हक्क आहे, विद्यापीठांची मक्तेदारी नाही, ही त्यामागची धारणा. २००५ पासून युवा फेलोशिप सुरू झाली. तरुणांनी गट करायचा, आपल्या जगण्यातलाच एखादा प्रश्न निवडायचा आणि वर्षभर त्याच्या मागे लागायचं. पुढे अमेरिकेत नवजात शिशुतज्ज्ञ म्हणून काम करून परतलेल्या डॉ. अनिता पाटील-देशमुख यांनी धुरा सांभाळली, आणि वस्ती व आरोग्य यांचं नातं संस्थेच्या कामात ठळक झालं.

या कामाची खरी कसोटी लागली ती रे रोडजवळच्या कौला बंदरला. जमीन केंद्राच्या अखत्यारीतल्या पोर्ट ट्रस्टची, वस्ती अघोषित, म्हणजे सरकारदरबारी मान्यता नसलेली. म्हणून अभ्यासाच्या काळात तिथे महापालिकेचा अधिकृत नळ नव्हता. खासगी पुरवठादार मोटार लावून, लांबच लांब नळ्यांतून पाणी विकत होते. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागातील संशोधकांच्या साथीने 'पुकार'ने इथल्या पाण्याचा अभ्यास केला. माहिती गोळा करणारे होते 'बेअरफूट संशोधक', म्हणजे वस्त्यांमधलीच प्रशिक्षित तरुण मंडळी.

त्यांनी पाण्याचे नमुने वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर घेतले: स्रोताशी, म्हणजे मोटारीपाशी, नळ्यांतून, आणि घरात भरून ठेवलेल्या पाण्यातून. पावसाळ्यात स्रोताशीच निम्मे नमुने दूषित निघाले. इतर ऋतूंत तिथलं पाणी ठीक होतं. घरात साठवलेल्या पाण्यात मात्र सगळ्याच ऋतूंत दूषित नमुने सापडले. पाणी रोज येईल याची खात्री नसली की ते साठवावंच लागतं, आणि पावसाळा सोडला तर बिघाड शिरत होता तो या साठवणीत. काही ऋतूंत ९५ टक्के घरांना माणशी ५० लिटरसुद्धा मिळत नव्हतं. 'हात धुवा, भांडी झाका' एवढा उपदेश इथे किती अपुरा पडतो, हे या आकड्यांनी दाखवलं. माझ्या मते 'पुकार'ची सर्वांत मोलाची कमाई हीच.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मनाच्या आरोग्याकडे पाहिलं गेलं. ५२१ प्रौढांपैकी सुमारे २३ टक्के जणांना मानसिक विकाराचा मोठा धोका दिसला. वस्तीतल्या हालअपेष्टांचा त्याच्याशी संबंध होता, आणि गरिबीचा परिणाम वेगळा काढल्यावरही तो उरत होता. असे प्रश्न परक्याने विचारले असते तर दारातूनच उत्तरं मिळाली असती. शेजारच्या मुलीला लोक घरात बसवून सांगतात, आणि ती कुठे थांबायचं हेही जाणते. हे कौशल्य कुठल्या पदवीत मिळत नाही. ते घडवायला संस्थेने वर्षं घातली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत वस्त्यांनाही पाणी देण्याचं धोरण आखायला महापालिकेला सांगितलं. पण केंद्राच्या जमिनीवर नळ टाकायचा तर जमीनमालकाची ना-हरकत लागत होती. कौला बंदरचा पेच होता तो इथे, पण पाण्याची गरज दाखवणारा पुरावा आता वस्तीच्या हाती आहे.