कुप्पायम् आणि मेलमुंडू

तलवारींचे, ढालींचे आणि पागोट्यांचे प्रकार आपल्या बखरकारांनी हौसेने नोंदविले. स्त्रियांच्या अंगाशी लागून असणाऱ्या वस्त्रांची नावे मात्र इतिहासाच्या कागदांत क्वचितच सापडतात. ह्याला ठळक अपवाद त्रावणकोर संस्थानाचा. बायकांनी छातीवर काय घ्यावे, ते शिवलेले असावे की नुसते पांघरलेले, ह्या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात तेथे राजाज्ञा निघाल्या, खटले चालले आणि घरेही जळाली. ह्या प्रकरणाचा शेवटचा अंक चालू असताना दिवाणपदावर एक मराठी गृहस्थ होते. परमुलुखात अधिकारपदावर असलेल्या मराठी वाचकाने निदान त्यासाठी तरी ही हकीकत जाणून घ्यावी.

प्रथम वस्त्रे कोणती, ते पाहू. केरळीय स्त्रीचा जुना पोशाख म्हणजे न शिवलेले पांढरे सुती कापड. कमरेस गुंडाळावयाचे ते मुंडू. त्याच्या आत, कासोट्याप्रमाणे मांड्यांमधून घेऊन घट्ट नेसावयाचे ते ओन्नर. ह्या शब्दाचा अर्थ नुसता ‘दीड’ असा आहे. छातीभोवती बांधावयाची पट्टी ती मुलक्कच्चा, आणि खांद्यावरून घ्यावयाचे ते मेलमुंडू, म्हणजे वरचे मुंडू. शिवलेल्या वस्त्रांची जात वेगळी. बाह्या असलेले, आखूड, सैल कुप्पायम् सिरियन ख्रिस्ती आणि मापिळा मुसलमान बायका घालीत. पुढे गाठ मारावयाची रौक्का ही मात्र आपल्या चोळीची जवळची आप्त. तमिळ रविक्कै, कन्नड रविके, तेलुगू रविक ही तिचीच नावे दक्षिणेत राहिलेल्या आपल्या मंडळींच्या कानांवरून गेलेली असतील.

ह्या सर्वांत मान होता तो मेलमुंडूला. आणि तो मान त्याच्या घेण्याइतकाच त्याच्या उतरण्यातही होता. उघडी छाती ही तेथे निर्लज्जतेची नव्हे, अदबीची खूण मानली जाई. देवापुढे, राजापुढे आणि ब्राह्मणापुढे नायर स्त्रीनेही मेलमुंडू बाजूस करावे, असा शिरस्ता होता. ज्यांना हीन मानले होते त्या जातींच्या स्त्रियांनी तर ही अदब सर्वांपुढे आणि सदैव पाळावयाची. कमरेच्या वर वस्त्र नाही, गुडघ्याच्या खाली नाही.

दक्षिण त्रावणकोरात ताडाच्या झाडांवर उपजीविका करणारा नाडार समाज होता. तेव्हाच्या कागदांत त्याला शाणार म्हटले आहे. त्यातील बरीच कुटुंबे ख्रिस्ती झाली. नागरकोइलच्या मिशनऱ्यांच्या बायकांनी त्यांच्या स्त्रियांसाठी आखूड बाह्यांचा सैल झगा बेतून दिला. रेसिडेंट कर्नल मन्रो ह्यांच्या प्रयत्नाने १८१४ साली ख्रिस्ती झालेल्या स्त्रियांना कुप्पायम् घालण्याची परवानगी मिळाली. परंतु त्या स्त्रियांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्यांनी झग्यावरून मेलमुंडूही घेण्यास प्रारंभ केला. मग भर बाजारात त्यांची वस्त्रे फाडली गेली, प्रार्थनामंदिरांना आगी लागल्या. १८२९ च्या राजाज्ञेने निकाल दिला: कुप्पायम् चालेल, मेलमुंडू चालणार नाही.

ह्या निकालात सर्व प्रकरणाचे मर्म आहे. अंग झाकण्याच्या दृष्टीने पाहिले, तर शिवलेला झगा खांद्यावरच्या पंचापेक्षा कितीतरी अधिक झाकतो. तरी तो मान्य आणि पंचा अमान्य! वाद लज्जेचा असता तर तो १८१४ सालीच मिटला असता. कुप्पायम् घातलेली स्त्री ‘ख्रिस्ती’ म्हणून वेगळी ओळखू येई. मेलमुंडू घेतलेली स्त्री नायर स्त्रीहून वेगळी ओळखू येईना. सरकारला झाकलेल्या छातीचे भय नव्हते. पुसल्या जाणाऱ्या खुणेचे होते.

१८५८ च्या अखेरीस दंगे पुन्हा उसळले. तेव्हा दिवाण होते टी. माधवराव. १८२८ साली कुंभकोणम् येथे जन्मलेला हा तंजावरी मराठी ब्राह्मण पुढे इंदूरचा आणि बडोद्याचाही दिवाण झाला. १८२९ ची आज्ञा निघाली तेव्हा त्यांचे चुलते वेंकटराव त्याच पदावर होते. माधवरावांनी पुढे त्रावणकोरात शाळा, न्यायालये व रस्ते ह्यांची जी घडी बसविली, तिची थोरवी निर्विवाद आहे. पण डिसेंबर १८५८ मध्ये त्यांच्या सरकारने जो जाहीरनामा काढला, त्याचा आशय एवढाच की सरकारी हुकुमावाचून मामूल मोडू नये, आणि कोणी कायदा हातीही घेऊ नये. चोख दफ्तरी भाषा! पण जिच्या अंगावरचे वस्त्र फाडले गेले आणि ज्याने ते फाडले, ती दोघे ह्या भाषेत एकाच मापाने मोजली गेली.

मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन ह्यांनी कडक शब्दांत लिहिल्यावर २६ जुलै १८५९ रोजी महाराजांची नवी आज्ञा निघाली. नाडार स्त्रियांनी ख्रिस्ती स्त्रियांसारखा झगा घालावा, कोळणींप्रमाणे जाडेभरडे कापड छातीभोवती बांधावे, किंवा अन्य कोणत्याही रीतीने अंग झाकावे. मात्र उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे नव्हे. सर्व काही दिले, आणि तो एक पंचा हातचा राखला.

हे वाचून आपण मराठी माणसांनी फार वर मान करू नये. आपल्याकडे चोळी सर्व जातींच्या सवाष्णींच्या अंगी होती, हे खरे. पण केशवपन केलेल्या विधवेच्या अंगातून ती काढूनच घेतली जाई; लाल आलवणाच्या पदराखाली चोळी नसे. तेथे जातीची खूण उघड्या छातीने दाखवीत, येथे वैधव्याची.

पुढची हकीकत काळानेच लिहिली. पेरिनाडच्या संघर्षानंतर १९१५ साली अय्यंकाळींच्या नेतृत्वाखाली कोल्लमच्या सभेत पुलय स्त्रियांनी गळ्यातील दास्याच्या दगडी माळा तोडून टाकल्या. त्रावणकोर-कोचीनचे एक मुख्यमंत्री सी. केशवन ह्यांनी आत्मचरित्रात आपल्या सासूची आठवण सांगितली आहे: तरुणपणी तिने हौसेने रौक्का घातली, म्हणून खुद्द तिच्या आईने तिला मारले. हळूहळू ज्यांनी मेलमुंडू राखून ठेवले होते त्या घरांतील मुलीही शिवलेली चोळी घालू लागल्या. जे वस्त्र वेगळेपणाची खूण म्हणून दिले, तेच सर्वांचे झाले.

हा इतिहास अगदी अलीकडे शाळेच्या पुस्तकात आला होता. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंडळाने नववीच्या अभ्यासक्रमातून तो भाग गाळला, आणि २०१९ मध्ये पोशाखावरचे ते प्रकरणच पाठ्यपुस्तकातून गेले. पुस्तकातून प्रकरण वगळता येते. पण ज्या स्त्रियांनी मिळालेल्या झग्यावर समाधान न मानता खांद्यावर तो पंचा घेतला, त्यांना नेमके काय हवे होते, हे १८२९ च्या सरकारलाही पुरते कळले होते. म्हणूनच त्याने तो नाकारला.