व्हेग्रंट (संगणक प्रणाली)

व्हेग्रंट ही सॉफ्टवेअर विकसनासाठी लागणारी आभासी यंत्रे उभारून ती आपोआप सज्ज करणारी संगणक प्रणाली आहे. मिचेल हाशिमोतो यांनी २०१० साली ती रुबी या भाषेत लिहिली. ‘भटक्या’ असा या इंग्रजी शब्दाचा अर्थ आहे.

पार्श्वभूमी

एकच आज्ञावली एका विकसकाच्या संगणकावर चालते आणि दुसऱ्याच्या संगणकावर अडते, हा नित्याचा अनुभव आहे. संचालन प्रणाली, भाषेची आवृत्ती, विदागाराची मांडणी यांतील लहानसहान फरक त्याच्या मुळाशी असतात. पूर्वी संगणक सज्ज करण्याच्या सूचना लिहून ठेवल्या जात. पण त्या पाळताना एखादी पायरी हमखास सुटे. व्हेग्रंटमध्ये या सूचना संगणक स्वतःच वाचतो व अमलात आणतो.

कार्यपद्धती

व्हेग्रंट स्वतः आभासी यंत्र चालवत नाही. ते काम व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर किंवा हायपर-व्ही यांसारख्या प्रणाली करतात. यंत्राचे वर्णन ‘व्हेग्रंटफाइल’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते: कोणता ‘बॉक्स’ (संचालन प्रणालीची तयार प्रतिमा) घ्यावा, स्मृती किती द्यावी, कोणती फोल्डरे सामाईक ठेवावीत इत्यादी. ‘व्हेग्रंट अप’ ही आज्ञा दिली की यंत्र उभे राहते. ‘व्हेग्रंट डिस्ट्रॉय’ दिली की नष्ट होते.

यंत्र सुरू झाल्यावर त्यात आवश्यक सॉफ्टवेअर बसवण्याच्या टप्प्याला ‘प्रोव्हिजनिंग’ म्हणतात. त्यासाठी शेल, पपेट, शेफ किंवा अ‍ॅन्सिबल वापरता येते. हा टप्पा एरवी पहिल्या उभारणीच्या वेळीच पार पडतो. पुढे सूचना बदलल्यास तो मुद्दाम पुन्हा चालवावा लागतो. नवख्यांची फसगत बहुधा येथेच होते.

मराठी मजकुराशी संबंधित प्रकल्पांत याचा उपयोग सहज लक्षात येतो. लहान आकाराच्या बॉक्समध्ये देवनागरी टंक बहुधा नसतात, त्यामुळे तेथे तयार झालेल्या पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटू शकतात. विकसकाच्या स्वतःच्या संगणकावर टंक असल्याने हा दोष त्याला दिसतही नाही. लोहित देवनागरी टंक बसवण्याची एक ओळ सूचनांत घातली की तो प्रत्येक सहकाऱ्याच्या यंत्रात येतो. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्या विकसकांसाठीही ‘मीडियाविकी-व्हेग्रंट’ हा संच तयार करण्यात आला होता.

मर्यादा

फाइल तीच असली तरी यंत्र तेच राहील याची खात्री नसते. बॉक्सची व सॉफ्टवेअरची आवृत्ती नोंदवली नसेल, तर सहा महिन्यांनी त्याच सूचनांतून वेगळे यंत्र उभे राहू शकते. इंटेल जातीच्या प्रक्रियकासाठी बनवलेले बॉक्स अ‍ॅपलच्या २०२० नंतरच्या एआरएम प्रक्रियकांवर थेट चालत नाहीत. शिवाय संपूर्ण संचालन प्रणाली चालवावी लागत असल्याने डॉकरच्या तुलनेत स्मृती अधिक खर्च होते.

मालकी व परवाना

हाशिमोतो यांनी अरमॉन दादगर यांच्यासह २०१२ साली हाशिकॉर्प ही कंपनी स्थापन केली. एमआयटी परवान्याखाली मुक्तस्रोत असलेली ही प्रणाली कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘बिझनेस सोर्स’ या निर्बंधयुक्त परवान्याखाली आणली. त्यापूर्वीच्या आवृत्त्या मात्र जुन्या परवान्यानेच वापरता येतात. २०२५ साली आयबीएमने हाशिकॉर्प विकत घेतली.