कळलावी

(अग्निशिखा, खड्यानाग; सं. लांगली, लॅ. ग्लोरिओसा सुपर्बा, कुल – कोल्चिकेसी). पावसाळ्यात कंदातून फुटणारी आणि फुलोरा सरल्यावर जमिनीसपाट वाळून जाणारी बहुवर्षायू वेल. अहिल्यानगर जिल्ह्यात ती पाहायची ती अकोले तालुक्यात, भंडारदरा-हरिश्चंद्रगडाकडच्या उतारांवर, झुडपांच्या आडोशाला. हिला वेगळा तणावा नसतो. पानाचे टोकच वेटोळे घालून शेजारची फांदी पकडते.

प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून कळलावी, ही व्युत्पत्ती रूढ आहे. दारात लावली की घरात भांडणे होतात हा समज बहुधा ‘कळ’च्या दुसऱ्या अर्थावर पोसला असावा. लांगली म्हणजे नांगराची; कंद तसाच दुबेळका असतो.

खरे पाहण्यासारखे आहे ते फूल. नागमोडी काठांच्या सहा पाकळ्या मागे उलटतात. बुडाशी पिवळ्या, शेंड्याकडे लाल, आणि दिवसागणिक पिवळा रंग हटत जातो. सहा केसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात. कुक्षीचा दांडा मुळाशीच काटकोनात वळून बाजूला होतो, त्यामुळे स्वतःचा पराग सहसा स्वतःला लागत नाही. मध पाकळ्यांच्या बुडाशी, परागकोशांपासून दूर. मधमाशी परागाला न शिवता मध घेऊन जाऊ शकते. मोठ्या फुलपाखराचे फडफडते पंख मात्र परागकोशांना घासतात. पंखांवरून होणारे हे परागवहन दक्षिण आफ्रिकेत नोंदले गेले आहे. शिंजीर पक्ष्यांचाही वाटा मानतात. किती, यावर एकमत नाही. तमिळनाडूत बियांसाठी हिची शेती होते. तिथे मजूर सकाळी फुलाफुलाला हाताने पराग लावतात.

लागवड जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. डोळा कंदाच्या टोकालाच असतो. तो मोडला की तो फाटा वाया गेला. राहुरी-श्रीरामपूरकडच्या काळ्या रानात पाणी तुंबून कंद कुजतो, म्हणून मुरूम वा वाळू मिसळलेला उंच वाफा, नाहीतर कुंडी बरी. आधाराला काटक्या खोवाव्यात. बियांपासून फूल यायला ३-४ वर्षे लागतात. कंद रोपवाटिकेतूनच घ्यावा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून (स्थापना १९८६) खणून आणणे बेकायदेशीर आहे.

औषधी उपयोग : हिच्यातून मिळणारे कोल्चिसीन हे द्रव्य, संधिवाताच्या एका प्रकारावर.

सर्व भाग, विशेषतः कंद, जीवघेणे विषारी. मुलाबाळांच्या व गुराढोरांच्या वाटेवर लावू नये. पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाच्या ठिपकेदार अळ्या मात्र हीच पाने खाऊन वाढतात.