कुत्रं आडवं आलं

वर्तमानपत्रातील चार ओळींची बातमी असो, पोलिसांपुढील जबाब असो की लंगडत घरी आलेल्या माणसाची हकीगत असो, सायकलवरून पडल्याचे कारण मराठीत एकाच वाक्यात सांगितले जाते : कुत्रं आडवं आलं. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. कर्ता आहे, क्रियापद आहे. माणूस तेवढा नाही. पाऊस येतो, वारं येतं, तसे नपुंसकलिंगी कुत्रेही आले. ते कुणाचे, बांधलेले का नव्हते, हे प्रश्न शिरण्यापुरतीही फट या वाक्याला नाही. अपघाताचा मालक नाहीसा करणाऱ्या या वाक्यामागे एक इतिहास आहे आणि त्याचा एक धागा थेट आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या वेशीपर्यंत येतो.

माझे वडील शिक्षक होते. तुळजापूर तालुक्यातील आमच्या गावाहून सहा किलोमीटरवरच्या शाळेत ते सायकलने जात. १९८४ च्या पावसाळ्यात वाटेवरच्या एका वस्तीवरचे कुत्रे भुंकत चाकात शिरले. वडील खडीवर आदळले आणि त्यांचे गळपट्टीचे हाड मोडले. संध्याकाळी वस्तीचा मालक भेटायला आला, अवघडून ओट्याच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "सर, कुत्रं आमचं काही करीत नसतंय. सायकल बघितली की पळतंय एवढंच. अन् माझं म्हणायला माझं, पण राहतंय ते गावावरच." घरात कुणालाच यात वावगे वाटले नाही. मला ते वाक्य पुढे कायद्याची पुस्तके चाळताना वारंवार आठवत राहिले, कारण त्यातल्या प्रत्येक सबबीला कुठे ना कुठे शास्त्राधार सापडत गेला.

उमरग्याच्या पुढे राज्याची सीमा ओलांडली की थोड्याच अंतरावर बसवकल्याण लागते. चालुक्यांची ही राजधानी. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (१०७६–११२६) विज्ञानेश्वराने इथे याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली, तेव्हा आजचा धाराशिव जिल्हाही त्याच राज्यात होता. आपल्याला मिताक्षरा माहीत असते ती वारसाहक्कामुळे. पण याज्ञवल्क्याने जनावराने केलेल्या इजेचाही विचार केला आहे. दाढांचे वा शिंगांचे जनावर माणसावर तुटून पडले असता, सोडवण्याची ताकद असूनही जो मालक सोडवत नाही, त्याला पहिल्या प्रतीचा साहसदंड. पडलेल्याने हाक मारूनही तो हलला नाही, तर दंड दुप्पट. दोष इथे जनावराच्या स्वभावावर ठरत नाही, मालकाच्या स्वस्थ बसण्यावर ठरतो. टीकाकाराच्या डोळ्यांपुढे मात्र दाढांचे जनावर म्हणून हत्ती येतो. कुत्रे 'वगैरे'त राहते. त्याच प्रकरणात आणखी एक सूट आहे : 'बाजूला हो' असे जो ओरडून सांगतो, त्याच्याकडे चतुष्पादाने केलेल्या इजेचा दोष जात नाही. ओट्यावर बसून "थांबा हो, चावत नाही तो!" असे ओरडणाऱ्या आजच्या मालकाला आपण किती जुन्या सवलतीचा लाभ घेत आहोत याची कल्पना नसावी. फरक इतकाच की जुना माणूस वाटसरूला सावध करीत होता, आणि आजचा त्याला सावध राहू नकोस असे सांगतो!

या तरतुदींवरून गावगाड्यात प्रत्यक्ष निवाडे होत होते असे मला सुचवायचे नाही. मालकाची जबाबदारी ही पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना आहे, हा समज तेवढा टिकत नाही. उलट इंग्रजी न्यायपरंपरेने ती काही बाबतीत सैलच केली. कुत्रा हा स्वभावतः निरुपद्रवी प्राणी. तेव्हा आपला कुत्रा द्वाड आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक होते असे सिद्ध झाले, तरच तो त्याच्या उपद्रवाबद्दल जबाबदार, असा तिथला जुना नियम. 'आमचं कुत्रं काही करीत नसतंय' हे त्याचेच मराठी रूप. खुद्द इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने ही अट काढली, पण कुणासाठी? मेंढ्या आणि गुराढोरांसाठी. मेंढी जखमी झाली तर मालकाला आधी ठाऊक होते का हे विचारायचे नाही. माणूस जखमी झाला तर विचारायचे.

आपल्याकडेही मालमत्तेला हीच अग्रपूजा मिळाली. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने ब्रिटिश मुलखात कोंडवाड्याला कायदेशीर रूप दिले. (साहित्याच्या विद्यार्थ्याला हा शब्द दया पवारांच्या १९७४ च्या संग्रहामुळे वेगळ्याच अर्थाने परिचित आहे.) पिकात शिरलेले जनावर कोंडायचे, मालकाने दंड भरून सोडवून न्यायचे. या कायद्याच्या व्याख्येत हत्ती आहे, उंट आहे, गाढव, डुक्कर, शेळी, करडूसुद्धा आहे. कुत्रा नाही. कुत्रे पीक खात नाही, मग त्याचा मालक शोधायचा कशाला? ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणे अडकवायची रीत आमच्याकडे घरोघर माहीत होती. ओढाळ कुत्र्याच्या गळ्यात ते क्वचितच दिसे.

शहरांत प्रश्न निराळ्या दिशेने गेला. मुंबईत १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्यासाठी प्रत्येकी आठ आणे बक्षीस लावले आणि ६ जूनला त्यावरून दंगल झाली; पारशी समाज त्यात पुढे होता. तेव्हापासून कुत्र्यांविषयीचा आपला वाद मारावे की जगू द्यावे या दोन टोकांतच फिरतो आहे. मालक असून मोकळे सोडलेले कुत्रे या वादात कुणाच्याच बाजूला बसत नाही.

भारतीय दंडसंहितेचे २८९ वे कलम खरे तर याच जागेवर बोट ठेवणारे होते. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्यापुरता बंदोबस्त न करणे हा गुन्हा. चावा लागलाच पाहिजे असे त्यात कुठेही नाही. सायकलस्वार नुसता पडला तरी कलम लागू शकते. हैदराबाद संस्थानाचा भाग असलेल्या आमच्या जिल्ह्यात ही संहिता १ एप्रिल १९५१ ला आली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम आहे. कैद सहा महिन्यांपर्यंत तशीच, दंडाची मर्यादा एक हजारावरून पाच हजारांवर. सगळे कलम 'ताबा' या एका शब्दावर तोललेले आहे, आणि वस्तीवरच्या कुत्र्याबाबत नेमका तोच शब्द निसटतो. भाकर एका घरची, राखण दुसऱ्याच्या खळ्याची, झोप देवळाच्या पारावर. चोर आला तर कुत्रे आपले, शिक्षक पडला तर गावाचे.

फ्रेंचांनी १८०४ च्या नागरी संहितेतच ही पळवाट बुजवली होती : जनावर ताब्यात असो, भरकटलेले असो वा सुटून गेलेले असो, मालक किंवा ते वापरणारा जबाबदार. राखण करून घेणारा 'वापरणारा' ठरतो, हे आमच्या वस्तीला चपखल लागू पडले असते. त्याच फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलस्वारांना कुत्र्यांपासून बचावासाठी खिशात मावणारे 'वेलो-डॉग' नावाचे पिस्तूल विकले जात होते, हेही सांगितले पाहिजे. संहिता होती, तरी सायकलस्वाराचा विश्वास पिस्तुलावर होता.

आपल्याकडे सायकलस्वारावरच नजर अधिक. अनेक नगरपालिकांत सायकलला बिल्ला लागे, रात्री दिवा नसला की शिपाई अडवी. कुत्र्यांवरील कराची तरतूद मुंबई इलाख्याच्या १९०१ च्या नगरपालिका कायद्यातही होती, परंतु बिल्ला तपासण्यासाठी कुत्र्याला अडवणारा शिपाई माझ्या पाहण्यात नाही.

अलीकडे चित्र थोडे बदलते आहे. २०२३ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने भटक्या जनावरांमुळे होणाऱ्या इजेची भरपाई शासनाने देण्याची पद्धत घालून दिली. २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांवर सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले. त्याच वर्षी मुंबईत लिफ्टमधल्या चाव्याबद्दल एका मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. लिफ्टमध्ये ताबा दिसतो. साखळी कुणाच्या हातात आहे हे कॅमेराही सांगतो. शेतरस्त्यावर तो कोण दाखवणार? आणि मोटार वाहन न्यायाधिकरणाचे दार या अपघाताला बंदच, कारण त्यात मोटारच नाही.

मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. त्यांतली एखादी वाटेवरच्या कुत्र्याला भिऊन उतरते, सायकल हातात धरून ती वस्ती ओलांडते. पडली तर गुडघा बरा होतो. घरचे मात्र 'उद्यापासून नको' म्हणू शकतात. तेव्हाही कारण म्हणून तेच वाक्य सांगितले जाईल.

वडिलांचा हात दीड महिना गळ्यात होता. पुढच्या चाकाचा आऊट त्यांनी स्वतःच्या पैशाने काढून घेतला. दिवाळीच्या आधी वस्तीवरून एक गडी दोन पायली ज्वारी ठेवून गेला. कशाबद्दल ते त्याने सांगितले नाही, आईनेही विचारले नाही. नंतर वडील शाळेला जाताना ती वस्ती आली की सायकलवरून उतरत.