आदेशाने झालेल्या आणि संमतीअभावी राहिलेल्या सुधारणा : नरसिंह राव सरकारच्या आर्थिक धोरणाचे मूल्यमापन (१९९१–१९९६)

प्रस्तावना :

२१ जून १९९१ रोजी पी. व्ही. नरसिंह राव यांनी पंतप्रधानपदाची सूत्रे स्वीकारली, तेव्हा देशाजवळील परकीय चलनातून जेमतेम दोन आठवड्यांची आयात भागण्यासारखी होती. आखाती संघर्षामुळे भडकलेले तेलाचे दर, अनिवासी भारतीयांनी काढून घेतलेल्या ठेवी आणि केंद्राची सुमारे ८ टक्क्यांवर गेलेली राजकोषीय तूट ही या पेचाची कारणे होत. मे १९९१ मध्ये, चंद्रशेखर सरकारच्या काळात, २० टन सोने पुनर्खरेदीच्या अटीवर परदेशात विकण्यात आले होते. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे ४७ टन सोने मुंबईहून परदेशी पाठवून तारण ठेवले.

या पार्श्वभूमीवर स्वीकारलेल्या उदारीकरण, खाजगीकरण व जागतिकीकरणाच्या धोरणाचे मूल्यमापन बहुधा दोन टोकांनी होते. एक पक्ष त्यास आर्थिक स्वातंत्र्याची पहाट मानतो, तर दुसरा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढील शरणागती. दोन्ही पक्ष सुधारणांना एकसंध मानतात. प्रस्तुत लेखात वेगळा निकष वापरला आहे : कोणती सुधारणा कोणत्या मार्गाने झाली आणि कोणती का राहिली?

शासकीय आदेश व अर्थसंकल्पाद्वारे झालेले बदल :

१ व ३ जुलै १९९१ रोजी दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. २४ जुलै रोजी नवे औद्योगिक धोरण आणि डॉ. मनमोहन सिंग यांचा पहिला अर्थसंकल्प एकाच दिवशी सादर झाले. १८ उद्योग वगळता परवाना पद्धती संपुष्टात आली, सार्वजनिक क्षेत्रासाठी राखीव उद्योग १७ वरून ८ वर आले आणि ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीस आपोआप मान्यता मिळू लागली. विशेष म्हणजे १९५१ चा औद्योगिक विकास व नियमन कायदा त्यासाठी रद्द करावा लागला नाही, अधिसूचना पुरेशी ठरली.

हीच कार्यपद्धती अन्यत्रही दिसते. आयात शुल्काचा कमाल दर १९९१ मध्ये १५० टक्क्यांवर, तर १९९५ पर्यंत ५० टक्क्यांवर आणला गेला. १९९२ मध्ये दुहेरी विनिमय दर, १९९३ मध्ये एकीकृत दर आणि १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपयाची परिवर्तनीयता असा क्रम राहिला. परिणाम लक्षणीय होते. १९९१-९२ मध्ये दीड टक्क्याच्याही खाली गेलेला वृद्धिदर १९९४-९५ पासून सलग तीन वर्षे सुमारे ७ टक्के वा त्याहून अधिक राहिला. मार्च १९९५ पर्यंत परकीय चलनसाठा सुमारे २५ अब्ज डॉलरवर पोहोचला.

संमतीची गरज असलेली क्षेत्रे :

जेथे संसदेत कायदा, राज्यांचे सहकार्य वा संबंधित वर्गांची मनधरणी आवश्यक होती, तेथे मात्र वेग मंदावला. शंभर वा अधिक कामगारांच्या आस्थापना बंद करण्यापूर्वी शासनाची परवानगी घेण्याची तरतूद कायम राहिली. लघुउद्योगांसाठी आठशेहून अधिक वस्तूंचे आरक्षण टिकले, ते २०१५ मध्ये पूर्णतः संपले. मल्होत्रा समितीने १९९४ मध्ये सुचवलेले विमा क्षेत्राचे खुलेकरण १९९९ च्या कायद्याची वाट पाहत राहिले. डिसेंबर १९९४ चा पेटंटविषयक अध्यादेश कायद्यात रूपांतरित न होता व्यपगत झाला. राजकोषीय तूट १९९१-९२ मध्ये ६ टक्क्यांच्या आसपास आली, परंतु १९९३-९४ मध्ये पुन्हा ७ टक्क्यांवर गेली.

रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीज प्रकल्प हे याचे महाराष्ट्रातील उदाहरण होय. केंद्राच्या प्रतिहमीसह हा करार झाला, परंतु वीजदराविषयी जनमत तयार झाले नाही. १९९५ मध्ये सत्तांतरानंतर राज्य शासनाने तो रद्द केला, पुढे नव्या अटींवर स्वीकारला आणि अखेर २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबली.

खतांच्या किमतीचा धडा :

या संदर्भात खतांचा प्रश्न सर्वाधिक बोलका आहे. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात खतांचे दर सरासरी ४० टक्क्यांनी वाढवण्यात आले. सत्ताधारी पक्षातूनही विरोध झाल्याने ही वाढ ऑगस्टमध्ये ३० टक्क्यांवर आणून अल्प व अत्यल्प भूधारकांना सूट देण्यात आली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त झाली, मात्र युरिया नियंत्रणात ठेवून त्याचा दर उलट १० टक्क्यांनी कमी केला गेला. महाग झालेली खते टाळून शेतकरी स्वस्त युरियाकडे वळला. नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, ते एका वर्षात ९.५ : ३.२ : १ झाले. अर्धवट सुधारणेची किंमत जमिनीने मोजली. युरियाची किंमत आजही शासनच ठरवते.

आक्षेपाचा विचार :

अल्पमतातील सरकारकडून याहून अधिक अपेक्षा रास्त नव्हती, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. जुलै १९९३ मधील अविश्वास ठराव सरकारने अवघ्या १४ मतांनी परतवला आणि त्या मतांवर पुढे लाचखोरीचा कलंक लागला. तथापि याच संसदेने डिसेंबर १९९२ मध्ये ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. या घटनादुरुस्त्यांसाठी विशेष बहुमताबरोबरच निम्म्या राज्यांची मान्यताही मिळवण्यात आली. पंचायत राज्याविषयी जी सहमती साधली गेली, ती साधण्याचा तितकाच प्रयत्न शेती व श्रम या क्षेत्रांत झाल्याचे दिसत नाही. सुधारणा जनतेपुढे ध्येय म्हणून फारशा मांडल्या गेल्या नाहीत, अपरिहार्यता म्हणून सांगितल्या गेल्या.

निष्कर्ष :

१. नरसिंह राव सरकारने देशाला दिवाळखोरीपासून वाचवले आणि परवाना पद्धतीचा पाया उखडला, हे श्रेय निर्विवाद आहे.

२. शासकीय अधिकारात झालेले बदल टिकाऊ ठरले, कारण नंतरच्या भिन्न पक्षांच्या सरकारांनी ते मोडले नाहीत.

३. बहुसंख्य जनतेचा संबंध असलेली शेती व रोजगार ही क्षेत्रे मात्र संवादाअभावी मागे राहिली. १९९६ च्या निवडणुकीत काँग्रेसला १४० जागा मिळाल्या. पराभवास इतर कारणेही होती, पण सुधारणांच्या नावाने मत मागण्याचे धैर्य पक्षात नव्हते, हेही त्यातून सूचित होते.

२०२० मध्ये अध्यादेशाने आणलेले तीन कृषी कायदे २०२१ मध्ये मागे घ्यावे लागले. बहुमत असतानाही संमतीला पर्याय नसतो, हा १९९१ ने अपुरा शिकवलेला धडा त्यातून पुन्हा समोर आला. म्हणूनच कोणत्याही सरकारच्या आर्थिक कामगिरीचे मोजमाप करताना वृद्धिदराच्या आकड्यांबरोबरच, ज्यांच्या जीवनावर त्या निर्णयांचा परिणाम होतो त्यांना त्यात किती सहभागी करून घेतले, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने तपासले पाहिजे.